पाचशेतलं एक: 'नो रॅड' घेऊ की नको?

निळाई

नमस्कार मंडळी. तीन आठवडे डोक्यात एकच घड्याळ आहे आणि निर्णय काही होत नाही, म्हणून शेवटी इथे विचारते.

घड्याळ आहे ब्लाँपाँ या स्विस कंपनीचं, डायव्हरसाठीचं, 'ट्रिब्यूट टू फिफ्टी फॅदम्स नो रॅड', २०२१ सालची आवृत्ती, एकूण ५०० नग. स्टीलची केस, ४०.३ मिमी, पाण्याखाली ३०० मीटर, काळी डायल, आणि डायलच्या खालच्या भागात किरणोत्सर्गाच्या चिन्हावर फुली मारलेला तो शिक्का. ओळखीतल्या एका संग्राहकांकडे आहे. त्यांनी ते एकदाही घातलेलं नाही. स्टिकर तसेच, डबा, कार्ड, सगळं आहे. महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणालेत.

पैसे साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही. सहा वर्षांपासून डायव्हिंग करते, ऐंशीच्या वर डाइव्ह झाल्यात. हातात खोली आणि वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर असतो, त्यामुळे घड्याळाची गरज नाही हे मला ठाऊक आहे. तरी हवंय.

नेमकं हेच का, तर माझं मनगट साडेपंधरा सेंटीमीटरचं आहे. २००७ पासून बरीच वर्षं फिफ्टी फॅदम्सचं नेहमीचं मॉडेल ४५ मिमीचंच होतं. ते घातलं की घड्याळ दिसतं, हात दिसत नाही. ४०.३ मिमीत मी जी जी पाहिली ती सगळी मर्यादित आवृत्तीतलीच निघाली. म्हणजे मर्यादित हवंय असं नाही, मला मापाचं हवंय आणि ते नेमकं मर्यादितच आहे.

शंका दोन. एवढं महाग घड्याळ मी खरंच पाण्यात नेईन का? आणि जुन्यासारखं दिसणारं नवं घड्याळ काही वर्षांनी खोटं वाटायला लागेल का?

सेकंदकाटा

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: घ्या. आणि का ते सांगतो, कारण या घड्याळाचं कूळ माहीत असल्याशिवाय हा निर्णय करू नये.

१९५३ साली ब्लाँपाँचे प्रमुख होते झाँ-जाक फिश्टर. ते स्वतः हौशी डायव्हर. एकदा पाण्याखाली वेळेचं भान राहिलं नाही, टाकीतली हवा संपली आणि घाईने वर यावं लागलं. त्यातून त्यांनी ठरवलं की पाण्याखाली किती वेळ झाला हे एका नजरेत सांगणारं घड्याळ हवं. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या लढाऊ डायव्हरांचं पथक उभं करणारे बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो अशाच घड्याळाच्या शोधात होते. मोठे चमकणारे आकडे, काळी डायल, काचेभोवतीची फिरणारी कडी, दणकट केस, या सगळ्या गोष्टी ते कागदावर लिहूनच आले होते. दोन्ही शोध एकमेकांना भेटले आणि फिफ्टी फॅदम्स झालं.

नावाबद्दलही थोडं. फॅदम म्हणजे आपली वाव. दोन्ही हात फैलावले की या बोटांच्या टोकापासून त्या बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. पन्नास वाव म्हणजे ९१ मीटरच्या थोडं पुढे. तेव्हाच्या उपकरणांनी माणूस जास्तीत जास्त एवढाच खोल जाईल असं धरलं होतं. मला हे नाव फार आवडतं. आकडा आहे, पण माणसाच्या हातांनी मोजलेला.

रोलेक्सची सबमरीनरही त्याच काळातली, आणि पहिलं कोण यावर लोक अजून भांडतात. तुमच्या निर्णयाला त्या भांडणाचा उपयोग नाही. एवढंच लक्षात घ्या की तुम्ही ज्याची आठवण घेताय ते काम करायला जन्मलेलं घड्याळ होतं.

जुनी_किल्ली

ताई, दुसऱ्या शंकेबद्दल बोलतो, कारण मी बावीस वर्षं त्याच शंकेसोबत राहतोय.

आधी तो शिक्का. जुन्या घड्याळांच्या खुणा अंधारात चमकायच्या त्या रेडियममुळे. रेडियमचे किरण झिंक सल्फाइडवर पडायचे आणि ते उजळायचं. १९२० च्या दशकात अशा डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायच्या. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येकींचा जीव गेला. पुढे रेडियम हळूहळू मागे पडलं आणि साठच्या दशकात काही फिफ्टी फॅदम्सवर हा शिक्का आला: यात रेडियम नाही, निर्धास्त वापरा. डायलवरची ती फुली सजावटीसाठी नव्हती, वापरणाऱ्याला दिलेला शब्द होता.

आता २०२१ च्या आवृत्तीकडे बघा. शिक्का म्हणतो रेडियम नाही. आणि त्याच डायलवरच्या खुणांना रंग दिलाय जुन्या, पिवळसर पडलेल्या ल्यूमचा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपाचा. आत सुपर-ल्यूमिनोव्हा हा आजचा लेप आहे, पूर्णपणे निरुपद्रवी, पण दिसायला पन्नास-साठ वर्षं उन्हात राहिल्यासारखं. मला हे बघितलं की थोडं वाईट वाटतं. जे रंगवून मिळत नाही तेच रंगवलंय.

माझ्याकडे साठच्या दशकातलं एक खरं डायव्हर घड्याळ आहे. अॅल्युमिनियमची कडी, कधीकाळी काळी होती, आता राखाडी. काटे आणि खुणा साखरेच्या पाकासारख्या पिवळ्या. अंधारात काहीच दिसत नाही. गंमत अशी की रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं, म्हणजे ते अजून जिवंत आहे. मेलं ते झिंक सल्फाइड. उजेड गेला, किरण राहिले. म्हणून मी त्या घड्याळाची केस स्वतः कधी उघडत नाही आणि उशाशी ठेवत नाही.

तो राखाडीपणा एका अनोळखी माणसाने कमावला आणि पुढचा थोडा मी. तुमच्या घड्याळाची कडी नीलमणी काचेने मढवलेली असेल. ती उन्हाने विटत नाही, साध्या घासण्याने चरे पडत नाहीत. याचा दुसरा अर्थ असा की ती म्हातारी होणार नाही. दुकानातून निघाली तेव्हा जितकी जुनी दिसली तितकीच तीस वर्षांनी दिसेल. काहींना हेच हवं असतं. तुम्हाला हवंय का ते बघा.

मासोळी

मी डायव्हिंग शिकवते, त्यामुळे पहिल्या शंकेवर बोलते. (सेकंदकाटा, वाव शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. आमच्याकडे आजोबा खोली वावेतच सांगायचे.)

३०० मीटर म्हणजे ३०० मीटर खोल जायचं असं नाही. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे आणि निळाई, तुझ्या बहुतेक डाइव्ह त्याच्या अर्ध्यातच असतील. आयएसओ ६४२५ या मानकात डायव्हरच्या घड्याळाला लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब देऊन तपासतात. पुरेसा पल्ला आहे.

मी कॉम्प्युटरसोबत दुसऱ्या हातात साधं यांत्रिक घड्याळ घालते. पाण्यात शिरताना कडीची खूण मिनिटकाट्यावर आणते, मग काटा जिथे पोचला तेवढी मिनिटं झाली. कडी एकाच बाजूला फिरते कारण दोर किंवा खडक घासून ती सरकलीच तर झालेला वेळ जास्त दिसावा, कमी नको. चूक झाली तरी माणूस लवकर वर येईल. एवढा साधा विचार, पण त्याने किती जण वाचले असतील. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा मी कॉम्प्युटरपेक्षा काट्याकडे बघते. सवय आहे आणि आवडतंही.

माझ्या विद्यार्थ्यांत एकाकडे असंच एक फार महागडं घड्याळ होतं. बोटीवर यायचा, पाण्यात उतरण्याआधी काढून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. त्याचं अर्धं लक्ष खाली माशांकडे आणि अर्धं वर टॉवेलकडे. तुझं तसं होऊ नये एवढंच वाटतं. पाण्यातच नेणार नसशील तर हे घड्याळ घेऊन तुला त्रास होईल.

खोलवर

५०० या आकड्याने दबून जाऊ नका, एवढं सांगायला लॉगिन केलंय.

ब्लाँपाँने २०१७ मध्ये ट्रिब्यूट मालिकेत 'मिल-स्पेक' काढलं, ५०० नग. डायलवर ओलावा दाखवणारी ती गोल चकती असलेलं. २०१९ मध्ये 'बाराकुडा', ५०० नग. २०२१ मध्ये 'नो रॅड', ५०० नग. तिन्ही ४०.३ मिमी. तुम्हाला जर मापच हवं असेल तर तुमच्यापुढे पाचशे नाहीत, दीड हजार घड्याळं आहेत. एक हुकलं तर दुसरं सापडेल. महिनाअखेर ही विकणाऱ्याची मुदत आहे, तुमची नाही.

दुसरं. मर्यादित आवृत्ती बऱ्याचदा कंपनीची चाचपणी असते. सेकोने २०१७ मध्ये १९६५ च्या ६२मास या डायव्हर घड्याळाची प्रतिकृती काढली, एसएलए०१७, २००० नग. लोकांनी जीव टाकला. २०२० मध्ये पुन्हा त्याच पूर्वजावर ११०० नगांची आवृत्ती आली आणि त्याच वर्षी त्याच कुळातलं साधं, कायमस्वरूपी मिळणारं मॉडेलही. ब्लाँपाँनेही तेच केलं. २०२३ मध्ये सत्तर वर्षं झाली म्हणून पहिल्या टप्प्यात तीन भूप्रदेशांसाठी प्रत्येकी ७०, म्हणजे एकूण २१० नग, ४२.३ मिमीचे काढले. पुढच्याच वर्षी ४२.३ हे माप नेहमीच्या संग्रहात आलं. ज्यांनी ते २१० माप लहान म्हणून घेतले असतील त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करा.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर एकांगी होईल. ओमेगाने २०१७ मध्ये १९५७ च्या तीन घड्याळांची त्रयी काढली, प्रत्येकी ३५५७ नग. त्यातलं सीमास्टर ३००, ३९ मिमीचं, जुन्या मोजमापांबरहुकूम बनवलेलं. त्यानंतर तसंच्या तसं नेहमीच्या संग्रहात आलेलं नाही. ज्यांनी घेतलं ते खूश आहेत. हो, आणि साडेतीन हजार नग असूनही.

दोन_काटे

४२.३ एकदा घालून बघा. दोन मिमीसाठी एवढी धडपड?

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_काटे, टायटॅनियममधलं ४२.३ घालून पाहिलं. हलकं आहे, सुंदर आहे, पण लगची, म्हणजे पट्टा जिथे बसतो त्या केसच्या शिंगांची, टोकं माझ्या मनगटाच्या कडेपर्यंत जातात. दोन मिमीने फार फरक पडतो, निदान माझ्या हातावर.

मग काल संध्याकाळी त्या संग्राहकांकडे गेले. त्यांनी प्रेमाने दाखवलं. जाडी तेरा मिमीच्या थोडी वर, पण काचेचा घुमट मोठा असल्याने केस सडपातळ वाटते. कडीची टिकटिक घट्ट आणि मऊ, दोन्ही एकाच वेळी. पाठीमागची काच बघून त्यांना विचारलं की जुन्या डायव्हरना तर बंद पाठ असायची ना? ते म्हणाले, पूर्वी चुंबकत्वापासून वाचवायला आत मऊ लोखंडाचं कवच असायचं. आता हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली ती केसासारखी बारीक स्प्रिंग, सिलिकॉनची असते, तिला चुंबकाचं काही वाटत नाही, म्हणून कवच गेलं आणि खिडकी आली. एकदा पूर्ण चावी दिली की चार दिवस चालतं.

जुनी_किल्ली दादा, तुमचं वाचून गेले होते म्हणून खुणांचा रंग नीट पाहिला. मला तो वाईट नाही वाटला. साठच्या दशकातलं घड्याळ मी कधी हातात धरलेलं नाही, त्यामुळे माझ्यासाठी तो नक्कल केलेला रंग नाहीच, नुसता उबदार रंग आहे. पण कडी म्हातारी होणार नाही हे तुमचं वाक्य डोक्यात बसलं.

आणि खरी गोष्ट वेगळीच घडली. त्यांनी हातात दिलं ते स्टिकरसकट. बकलवर प्लास्टिक, पाठीवर प्लास्टिक. मी पट्टा लावायला गेले तर ते हसून म्हणाले, पट्टा वाकवू नका हं, वळ पडेल. मी दहा मिनिटं ते नुसतं मनगटावर ठेवून बसले, दुसऱ्या हाताने धरून. घरी येताना कळलं की मी ते घातलंच नाही. आणि घेतलं तर स्टिकर मीच काढायचे. काढले त्या क्षणी त्यांनी मागितलेल्या किमतीतला 'न वापरलेलं' हा भाग माझ्या हातून जाणार. नाही काढले तर माझ्याकडे घड्याळ असेल, पण घालायला नाही.

शेवाळ

मग वापरलेलं घ्या!

मी मनापासून सांगतोय. पाचशेपैकी काही जणांनी घातलीच असतील. त्यातलं एखादं शोधा. बकल घासलेलं, लगवर एक-दोन ओरखडे, डबा असला तर उत्तम. ज्या गोष्टीसाठी तुम्ही जास्त पैसे देणार होतात ती तुमच्या उपयोगाचीच नाही. पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी मारून ठेवलाय, त्याचं दुःख त्याने केलंय. तुम्ही सरळ पाण्यात जा.

स्टील झिजतं. कडी नाही होणार म्हातारी, पण केस होईल, बकल होईल, पट्टा तर होईलच. ते पुरे आहे की.

सेकंदकाटा

शेवाळ, अजिबात पटलं नाही. न वापरलेला नग म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा त्याचा सगळा इतिहास तुमच्या हाताखाली घडतो. दुसऱ्याच्या हातातून आलेलं घड्याळ कुठे आपटलंय, कुणी उघडलंय, काय माहीत? डायव्हिंगसाठी घ्यायचं तर उलट हीच काळजी जास्त हवी. मी असतो तर स्टिकर त्यांच्यासमोर, त्यांच्याच टेबलावर काढले असते.

घड्याळजी

सेकंदकाटा यांची काळजी बरोबर आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. कपाटात पडून राहिलेलं घड्याळही मी डोळे झाकून पाण्यात जाऊ देणार नाही. गॅस्केट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं वेढं, रबराचं असतं. वापरा किंवा वापरू नका, ते वाळतं, कडक होतं. तेलही जागच्या जागी बसून घट्ट होतं. २०२१ चं घड्याळ म्हणजे त्याचं रबरही किमान तेवढंच जुनं. त्यामुळे नवं घेतलं तरी पाण्यात जाण्याआधी दाबाची चाचणी करायचीच, वापरलेलं घेतलं तरी करायचीच.

वापरलेलं बघताना मी काय बघतो ते सांगतो. केसवरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक एक आहे ना. क्राउन, म्हणजे चावी द्यायची गोल कळ, स्क्रू करताना पहिल्या आट्यापासून सहज बसतो की अडखळतो. अडखळत असेल तर आटे खाल्लेले आहेत, सोडून द्या. लगच्या कडा धारदार आहेत की कुणी पॉलिश करून गोल केल्यात. ओरखडे असलेली केस मला चालते, पॉलिश केलेली नाही. ओरखड्यात धातू जागेवरच असतो, पॉलिशमध्ये गेलेला असतो. काचेच्या आतून वाफेचा डाग, काट्यांवर बारीक ठिपके दिसतात का, हे भिंगाने बघा. पाणी एकदा शिरलं असेल तर काटे आधी सांगतात.

आता ज्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही ते. मर्यादित आवृत्तीचं मशीन सहसा दुर्मीळ नसतं. नो रॅडमधलं ११५१ ब्लाँपाँ इतर घड्याळांतही वापरते, त्याचे भाग मिळत राहतील. दुर्मीळ असते डायल, काटे, कडीवरची काच. पाचशे घड्याळांसाठी कंपनी किती जादा कड्या करून ठेवेल? नीलमणी काचेला चरे जात नाहीत हे खरं, पण टोकावर आपटली तर ती तडकते. एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी एका ग्राहकाचं मर्यादित आवृत्तीचं डायव्हर पाठवलं होतं, कडी फुटलेली. आठ महिन्यांनी परत आलं ते नेहमीच्या मॉडेलची कडी बसवून, न विचारता. मूळ तुकडेही परत दिले नाहीत. तो माणूस काउंटरवर उभा राहून रडला. तेव्हापासून मी सांगतो: कुठेही देताना लेखी लिहून घ्या की विचारल्याशिवाय डायल, काटे, कडी बदलायची नाही आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा.

जुनी_किल्ली

घड्याळजींना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या डायव्हरच्या काट्यांना एका कारागिराने असंच न विचारता नवं ल्यूम भरलं होतं. चांगल्या हेतूने. रात्री छान चमकतात. मी ते काटे काढून ठेवलेत.

मासोळी

निळाई, आणखी एक. पट्ट्याचा विचार कर. मूळ रबरी पट्टा छान आहे, पण वेटसूटवरून पुरणार नाही. आरपार जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा घे, पट्टा धरून ठेवणाऱ्या दोन्ही बारीक दांड्यांखालून, म्हणजे स्प्रिंग बारखालून, जाणारा. एक बार तुटला तरी घड्याळ दुसऱ्यावर लटकून राहतं. पाण्याखाली हातातून सुटलेली वस्तू किती पटकन निळ्यात नाहीशी होते हे तुला माहीत आहे. आणि वर आलीस की गोड्या पाण्याने धू, कडी फिरवत फिरवत, खालचं मीठ निघायला हवं.

निळाई

सात आठवड्यांनी परत आले, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

संग्राहकांना 'नाही' असं कळवलं. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट म्हणाले, तुम्ही ते पाण्यात नेणार हे कळल्यापासून मलाच झोप नव्हती. त्यांचं त्यांच्याकडेच राहणार आहे आणि ते बरोबर आहे, त्यांचं प्रेम वेगळ्या तऱ्हेचं आहे.

मग वापरलेलं शोधायला लागले. पहिलं सापडलं त्याचे लग पॉलिश केलेले होते, फोटोतच गोल दिसत होते. दुसरं मिल-स्पेक होतं, त्याची ओलाव्याची चकती मला फार आवडली, पण क्राउन पहिल्याच आट्याला अडखळला. घड्याळजी, तुमचं वाक्य आठवलं आणि निघून आले. तिसरं नो रॅड. आधीच्या मालकीणबाईंनी दोन वर्षं रोज घातलेलं. डाव्या बाजूच्या खालच्या लगवर एक लांब ओरखडा आहे, बकल मॅट झालंय. डबा नाही, कार्ड आहे, क्रमांक जुळले. कडीची काच भिंगाखाली निर्दोष. त्यांनी ओरखड्याबद्दल माफी मागितली. मी त्यांना सांगितलं की त्याच्यासाठीच आलेय.

सर्व्हिसिंगला दिलं, काय बदलायचं नाही ते लेखी देऊन. क्राउनचं आणि पाठीचं गॅस्केट नवं बसवलं, जुनी दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत परत मिळाली. दाबाची चाचणी पास झाली.

सेकंदकाटा, तुम्हाला पटणार नाही हे माहीत आहे. पण वाव या शब्दाबद्दल तुमची आठवण रोज निघते.

परवा पहिली डाइव्ह, अठरा मीटर, एक्केचाळीस मिनिटं. नायलॉनचा काळा पट्टा, वेटसूटवरून. सुरुवातीची पाच मिनिटं सारखी मनगटाकडे बघत होते, मग एका खडकाखाली मोठा ऑक्टोपस दिसला आणि घड्याळ विसरलेच. पाच मीटरवर थांबले तेव्हा आठवण झाली. खाली उजेड कमी होता आणि त्या पिवळट खुणा हिरव्या पेटल्या होत्या.

मासोळीताई, धुताना कडी फिरवली. बारीक वाळू निघाली.